बाकावरची पाठ

१

माणसाचा चेहरा माझ्या लक्षात उशिरा राहतो, खांदे आधी. शिवणकाम करणाऱ्या बाईचं असंच असतं. कोणी दारातून आत आलं की 'या, बसा' म्हणायच्या आधी माझी नजर माप घेऊन मोकळी होते. डावा खांदा उतरता, पाठीला जरासं पोक, बाही थोडी लांब लागणार. शहरातल्या अर्ध्या शाळांचे गणवेश माझ्या दुकानातून जायचे. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात दुसरं काहीही चुकलेलं असेल, माप चुकलेलं नसेल. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको.

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर कामाचा डोंगर असायचा आणि झोप आडवी यायची. झोप घालवायला मी मेथ नावाची नशेची पूड घ्यायला लागले. आमच्यात त्याला काच म्हणायचे. पहिल्यांदा वाटलं, देवाने आणखी दोन हात दिले. पुढे वाटायला लागलं की कोणीतरी कपड्यांच्या शिवणीत तारा लपवून आमचं बोलणं ऐकतंय. मग मी घरातली एकेक शिवण उसवली. पडदे, उशा, माझ्या लेकीचे गणवेश, तिच्या बाहुलीचं पोट. लेकीचं शाळेत जाणं थांबलं, कारण घालायला धड असं काही उरलंच नव्हतं.

लेकीला आम्ही बटण म्हणतो. वन्सं तिला आपल्या घरी घेऊन गेल्या आणि मला इथे व्यसनमुक्ती केंद्रात आणून सोडलं. नवरा दुसरा संसार थाटून केव्हाच मोकळा झाला होता, पण त्याची बहीण माझी राहिली. पायरीवर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बरी होऊन ये. पोरगी तुझीच आहे. नाही झालीस, तर मी तिला तुझ्या वाऱ्यालाही उभी करणार नाही."

वन्सं बोलतात तसं करतात. बटण परत मिळवायची, एवढं एकच काम माझ्यापुढे होतं.

२

सुरुवातीला मी नुसती झोपले. झोपेतून उठले की खायचे, खाल्लं की रडायचे, रडून दमले की पुन्हा झोपायचे. दात ठणकायचे. हातांवर मीच नखांनी उकरलेल्या जखमा होत्या, कारण कातडीखाली किडे फिरतात अशी माझी खात्री होती. काचेवर उतारा म्हणून कोणतीही गोळी नाही, हे मॅडमनी पहिल्या भेटीतच स्वच्छ सांगितलं. मॅडम म्हणजे इथल्या प्रमुख समुपदेशक. "मेंदू आपला आपणच दुरुस्त होतो," त्या म्हणाल्या, "आपण फक्त त्याच्या आड यायचं नाही."

आड न येण्याचं वेळापत्रक होतं. व्यायाम, गटाची बैठक, वाटून दिलेलं काम, पुन्हा बैठक. लघवीची तपासणी स्वच्छ आली की पेटीतून एक चिठ्ठी काढायची. त्यात कधी साबण निघे, कधी मोजे, कधी फोनवर बोलायला जादा वेळ. चांगली बाप्ये माणसं मोज्यांसाठी हरखून जायची. मीही हरखायचे, खोटं कशाला सांगू?

आणि जोडीदाराचा नियम होता. काच सोडल्यावर बराच काळ नसलेलं दिसतं. डोळ्यांच्या कडेला माणसं उभी राहतात, भिंतीतून कुजबुज येते. तेव्हा आपल्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, जोडीदारावर ठेवायचा. प्रत्येक नवीन माणसाला एक जुना माणूस दिलेला असे. शंका आली की बोट दाखवून विचारायचं, "आहे का?" जोडीदाराने तिकडे नीट बघायचं आणि मग सांगायचं, "आहे" किंवा "नाही." आधी बघायचं, मग बोलायचं. त्याचा शब्द तो शेवटचा, त्यावर चर्चा नाही.

माझ्या वाट्याला ड्रायव्हरकाकू आल्या. त्या दिवसा शाळेची व्हॅन चालवायच्या आणि रात्री टॅक्सी. त्यांना काच का लागली ते वेगळं सांगायला नको. त्या मला मास्तर म्हणायच्या, टेलर मास्तरमधला.

"काकू, खिडकीत मांजर आहे का?"

काकू उठायच्या, खिडकीपर्यंत जायच्या, बाहेर वाकून बघायच्या. "आहे. आणि तुझ्यापेक्षा जाडजूड आहे, मास्तर. दोन घास जास्त खात जा."

एकदा मी ताटातल्या कोबीकडे बोट दाखवून विचारलं. त्यांनी तो चमच्याने उलटापालटा केला, वास घेतला आणि म्हणाल्या, "आहे. पण नसता तर बरं झालं असतं." मी कित्येक महिन्यांनी हसले. काकू नसत्या तर पहिल्याच आठवड्यात मी फाटकावरून उडी मारली असती.

३

बैठकीच्या खोलीतून जेवणघराकडे जायला एक पॅसेज होता. चांगला रुंद, दिवसभर उजेडाचा. दोघांनी भाताचं मोठं पातेलं दोन्हीकडून धरून नेलं तरी कोपर भिंतीला लागत नसे. मध्ये एका बाजूला लाकडी बाक होता, भिंतीला अगदी चिकटून ठेवलेला. त्यावर कोणी बसत नसे.

त्या बाकाजवळ आलं की सगळे अंग चोरायचे.

मला ते खांद्यांवरून कळलं. माणूस सरळ चालत यायचा, बाकाजवळ एक खांदा मागे घ्यायचा, दोन पावलं तिरकी टाकायचा आणि पुढे पुन्हा सरळ व्हायचा. पातेलं नेणारे दोघे तिथे मागेपुढे व्हायचे. आमच्यात एक पाना म्हणून होता. काचेच्या नादात त्याने घरातला फ्रीज, पंखा, मिक्सर सगळं खोलून ठेवलं होतं आणि परत जोडता आलं नव्हतं, म्हणून पाना. हा गडी दारातून जाताना चौकटीला धडकणारा, पण त्या बाकाशी मात्र अंग चोरायचा. मॅडमही. त्यांच्या हातात फायली असायच्या, त्या तिथे आल्यावर दुसऱ्या हातात जायच्या.

मला त्या जागी नुसता अंधुकपणा दिसायचा. खुंटीला कोट अडकवलेला असावा आणि तो आपल्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावा, तसा. अशा अंधुक गोष्टी मला तेव्हा सगळीकडेच दिसत होत्या. म्हणून मी नियमाप्रमाणे विचारलं, "काकू, बाकावर काही आहे का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

त्यांनी तिकडे बघितलं नव्हतं.

कोबीचासुद्धा वास घेणारी बाई. मी जागच्या जागी थांबले. काकूंनी माझं कोपर धरलं आणि मला पुढे नेलं. नेताना त्यांचा दुसरा खांदा मागे झाला.

४

मी काही भित्री बाई नाही. उधारी बुडवायला निघालेल्या शाळेच्या संचालकांना मी भर ऑफिसात गप्प केलेलं आहे. तेव्हा मी शांतपणे विचार केला. माझा मेंदू आजारी आहे, आजारी मेंदूला संशय खायला लागतो, आणि काकूंची मान अवघडलेली असू शकते. विषय संपला.

मग मी बरी व्हायला लागले. आधी किडे गेले. हातावरच्या जखमांना खपल्या धरल्या आणि एके दिवशी त्या पडल्याही. भिंतीतली कुजबुज बंद झाली. झाडाखाली एक उंच बाई उभी असायची ती विरळ होत होत गेली. वजन वाढलं, दोन दात काढले, बाकीचे वाचले. केंद्रातलं जुनं शिलाई मशीन मी तेल घालून चालतं केलं आणि उशांचे अभ्रे शिवायला घेतले. सुई पहिल्या खेपेत ओवली गेली तेव्हा मी मशीनवर डोकं ठेवून रडले, आनंदाने.

फोनवर वन्सं म्हणाल्या, "आवाज तुझा वाटतोय गं आज." त्यांनी बटणला फोन दिला. ती आता पाट्या वाचते म्हणाली, दिसेल ती पाटी वाचते.

असं सगळं पुसलं जात होतं. बाकावरचं तेवढं पुसलं गेलं नाही. ते उलट ठसठशीत होत गेलं. कोटाला खांदे आले. खांद्यांना मान आली. ज्या दिवशी मॅडम म्हणाल्या की माझ्यातली सुधारणा बघून त्यांना समाधान वाटतं, त्याच दिवशी दुपारी मला उन्हात स्पष्ट दिसलं की बाकावर कोणीतरी बसलंय, आमच्याकडे पाठ करून.

पाठ रुंद, पण खांदे उतरते. करडं कापड, मधोमध शिवण नाही. मी सवयीने माप घेतलं आणि अडखळले. भिंतीकडे तोंड करून माणूस बसला तर त्याच्या मांड्या पुढे येणार, गुडघे पुढे येणार. बाक तर भिंतीला चिकटलेला. मध्ये कागद सरकवायला जागा नाही.

मग त्याचे गुडघे कुठे गेले?

हा प्रश्न मला जेवताना पडायचा, अभ्रे शिवताना पडायचा. पाठीपेक्षा मला त्या गुडघ्यांचीच जास्त भीती वाटायची.

५

भीती वाटली की मी काहीतरी मोजते. शिवणाच्या खोलीतला खडू मी कुटून त्याची भुकटी केली. सगळे व्यायामाला गेले असताना पॅसेजमध्ये, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ती हाताने पातळ भुरभुरली. बाकाच्या फळीवरही. म्हटलं, दुपारपर्यंत कळेल. सगळीकडे सारखे पाय उमटले तर माझंच डोकं फिरलंय. नाही उमटले तर बाकीच्यांनाही काहीतरी दिसतंय.

जेवणं आटोपल्यावर मी गेले. चपलांचे ठसे एकावर एक पडून पॅसेज पांढराकाळा झाला होता. फक्त बाकासमोर अर्धगोल जागा कोरी होती. परातीएवढी. तिच्या कडेकडेने सगळ्यांची पावलं वळून गेली होती, आणि आत एकही नव्हतं.

फळीवर भुकटी दोन ठिकाणी दाबली गेली होती, माणूस बसला की दाबली जाते तशी.

झाडायचं काम त्या दिवशी पान्याकडे होतं. त्याने सगळा पॅसेज लख्ख केला आणि तो अर्धगोल तसाच सोडला.

"पाना, तेवढं का राहिलं?"

"कुठे राहिलं? झाडलं की."

"बाकापुढे बघ."

तो माझ्याकडेच बघत राहिला. "मास्तर, तुमची सुटी कधी आहे?"

"ठरायची आहे."

"मग कशाला उगाच," तो हळू आवाजात म्हणाला. "सुटायच्या आधी मॅडम एकच विचारतात. नसलेलं काही दिसतं का. दिसतं म्हणालं की मुक्काम वाढला. माझी आई घरी एकटी आहे हो. मला काही दिसत नाही, तुम्हालाही दिसत नाही." त्याने झाडू उचलला आणि अंग चोरून निघून गेला.

म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. जितका माणूस बरा तितकं स्वच्छ दिसत होतं, आणि घरी जायच्या ओढीने प्रत्येकजण नाही म्हणत होता. मला त्यांचा राग आला नाही. मी दुसरं काय करणार होते?

६

काकूंची सुटी माझ्या आधी ठरली. मॅडमच्या खोलीतून त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. नाही म्हणायचं आणि पिशवी उचलायची."

मी त्यांचा हात धरला. "काकू, जाता जाता एकदाच. नीट बघून सांगा. आहे का?"

त्यांनी बाकाकडे बघितलंच नाही. नजर जमिनीवर. "नाही म्हटलं ना, मास्तर. मला जाऊ दे. माझं घर आहे, नवरा आहे."

सगळे निरोप द्यायला दर्शनी दाराशी जमले. टाळ्या झाल्या, पान्याने व्हॅनच्या हॉर्नसारखा आवाज काढला. काकू उंबरा ओलांडून बाहेर गेल्या, आणि मग मागे वळून त्यांनी दार उघडं धरलं. मागून कोणी येत असलं की आपण धरतो तसं. कोणी येत नव्हतं. त्या थोडा वेळ थांबल्या, बाजूला सरकल्या आणि दार सोडून दिलं.

त्या दुपारी भाताचं पातेलं नेणारे दोघे पॅसेजमधून शेजारी शेजारी गेले. मॅडमच्या फायली एकाच हातात राहिल्या. बाक मोकळा होता. जेवताना सगळे नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होते, कोबीचंसुद्धा कौतुक झालं. मीही हसले. पण जेवून झाल्यावर मला सारखे काकूंचे यजमान आठवत होते. त्यांना मी तोवर पाहिलंही नव्हतं.

७

काही दिवसांनी ते आले. पोस्टात नोकरी केलेले, टापटीप, बारीक अंगाचे गृहस्थ. काकूंची गोधडी इथे राहिली होती ती न्यायला. मॅडमनी मला सांगितलं म्हणून मी त्यांना सामानाच्या खोलीकडे घेऊन निघाले. आधी कधी ते भेटीच्या खोलीच्या पुढे आलेले नव्हते.

पॅसेज मोकळा होता, बाकावर ऊन पडलं होतं. ते माझ्यापुढे सरळ चालले. बाक मागे पडला, आम्ही कोपऱ्यावर वळलो. तिथे पॅसेज जरा अरुंद होतो. नुसती पांढरी भिंत, बाक नाही, काही नाही. त्या भिंतीशी त्यांनी एक खांदा मागे घेतला आणि दोन पावलं तिरकी टाकली.

मी बघतच राहिले. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. घरात रोज करत असलेली गोष्ट अंगात मुरते, आणि मग माणूस ती कुठेही करतो.

"काकू कशा आहेत?" मी विचारलं.

"ठीक आहे. झोप लागत नाही म्हणते. पण औषधबिवषध काही घेत नाही हो, मी स्वतः लक्ष ठेवतो. तपासणीही स्वच्छ आहे." गोधडीची घडी त्यांनी छातीशी धरली. मग, मी काही विचारलेलं नसताना, म्हणाले, "घरात तसं काही नाही. मी तिला विचारलं, ती नाही म्हणाली."

त्यांना दारापर्यंत सोडताना मला त्यांना सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? बायकोला घरातून काढा? गुडघे नसलेल्या माणसाबद्दल बोलू? मी नमस्कार केला. ते गेले.

८

बैठकीत मॅडम उभ्या राहूनच बोलल्या. ड्रायव्हरकाकू गेल्या. सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पडलेल्या सापडल्या. काच हृदयाचे स्नायू झिजवते, मॅडम म्हणाल्या, सोडल्यानंतरही हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. रक्तात काही सापडलं नाही. काकू स्वच्छ गेल्या, हे आपण लक्षात ठेवायचं.

पाना लहान मुलासारखा रडला. मला रडू आलं ते नंतर. तेव्हा मी फक्त विचार करत होते, आणि माझा विचार नीट चालत होता. मॅडमचं खरं असणार. असं झालेली माणसं आहेत, मी ऐकलेलं आहे. एखाद्या थकलेल्या हृदयाला मरायला बाकावरच्या पाठीची गरज नसते.

जेवायची घंटा झाली. पाना डोळे पुसत माझ्यापुढे चालत होता. पॅसेजमध्ये मध्यावर आला आणि त्याने अंग चोरलं.

मी मान वर केली. बाकावर तो परत आला होता. करडं कापड, उतरते खांदे. फक्त आता तोंड पुरतं भिंतीकडे नव्हतं. तो जरासा फिरून बसला होता आणि त्याचा एक कान दिसत होता. कानामागचे केस नीट विंचरलेले होते, कोणाकडे जायचं असलं की विंचरतात तसे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावून माझी सुटी ठरल्याचं सांगितलं.

९

सुटीच्या सकाळी वन्सं बटणला घेऊन आल्या. मी शिवणाच्या खोलीत पिशवी भरत होते तरी मला बटणचा आवाज ऐकू आला. भेटीच्या खोलीतल्या पाट्या ती मोठमोठ्याने वाचत होती. "शांतता राखा. चपला बाहेर काढा." मध्येच वन्संचं दटावणं. माझ्या छातीत इतकं भरून आलं की पिशवीची चेन लावता येईना.

पॅसेजमधून मॅडमच्या खोलीकडे जाताना मी बाकाकडे बघितलं. तो भेटीच्या खोलीच्या दिशेला फिरला होता. अर्धा गाल दिसत होता. बटणने आणखी एक पाटी वाचली, आणि त्याची मान जरा कलली. लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाची कलते तशी.

मॅडमनी मला बसायला सांगितलं. वजन, झोप, भूक, तलफ, सगळं विचारून झालं. मग त्यांनी पेनचं टोपण लावलं.

"आता शेवटचं. नसलेलं काही दिसतं का?"

काकूंनी काय उत्तर दिलं मला माहीत होतं. त्यांच्यामागून दारातून काय गेलं तेही. मी नाही म्हणाले असते तर अर्ध्या तासात बटण माझ्या मांडीवर असती, आणि आमच्या घराच्या पॅसेजमध्ये ती कधीतरी, खेळता खेळता, एक खांदा मागे घ्यायला शिकली असती.

"नसलेलं नाही दिसत," मी म्हणाले. "आहे तेच दिसतंय. बाकावर तो बसलाय."

मॅडमनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तोंड कुठल्या बाजूला आहे?"

आता, हे विचारणं त्यांचं कामच आहे. रुग्णाला काय दिसतं ते बारकाईने विचारायचं असतं, त्याशिवाय उपचार कसे करणार? मी हे स्वतःला तेव्हाही सांगितलं.

"भेटीच्या खोलीकडे."

त्या उठल्या. भेटीच्या खोलीत उघडणारं आतलं दार उघडं होतं ते त्यांनी लावून घेतलं आणि कडी घातली. मग परत येऊन बसल्या.

"आजवर कोणी हो म्हणालं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही?"

त्यांनी फाइल मिटली. "मला मुलं आहेत," एवढंच म्हणाल्या.

"मी राहते," मी म्हणाले. माझा आवाज अजिबात कापला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

१०

वन्संना काय सांगणार? मॅडमनी सांगितलं की भास अजून आहेत, मुक्काम वाढवावा लागेल. वन्सं फाटकाशी उभ्या होत्या, मी आतल्या बाजूला.

"माझ्याकडे बघ," त्या म्हणाल्या. "परत घेतलंस का?"

"नाही, वन्सं."

"मग हे काय आहे? तपासण्या स्वच्छ, तब्येत सुधारलेली, डोळे शुद्धीवरचे. पोरगी रात्रभर झोपली नाही आनंदाने. आणि तू आयत्या वेळी म्हणतेस भूत दिसतं? तुला यायचंच नाहीये. सरळ सांग ना तसं."

"यायचं आहे."

"मी तुला बोलले होते, लक्षात आहे ना?" त्यांचे डोळे भरले होते. "मी बोलते तसं करते."

मला माहीत होतं. म्हणून तर मी त्यांच्यावर बटण सोपवू शकत होते. वन्संच्या घरी कोणी खोटं बोलत नाही.

बटण माझा हात गजांतून धरून उभी होती. तिच्या अंगात दुकानातून विकत घेतलेला गणवेश होता, खांद्यात ढगळ. मी न राहवून तो चिमटीत धरून नीट केला. "आई, तू वाईट झालीस का परत?" तिने विचारलं.

"नाही गं राजा. मी एकदम चांगली आहे."

तिचा विश्वास बसला नाही. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि त्याबद्दल माझी कोणी समजूत घालायला येऊ नये.

तुम्ही काय म्हणाल ते मी म्हणून बघितलेलं आहे. बाई घरी जायला घाबरली आणि तिच्या मेंदूने तिला झकास सबब शिवून दिली. असेलही. मेंदू असे उद्योग करतो, मी घरभर शिवणी उसवलेल्या आहेत. पण तसं असेल तर माझं एकटीचं नुकसान आहे. आणि तसं नसेल, तर माझी लेक आज रात्री शांत झोपेल. हा हिशेब मला दहा वेळा करायची गरज पडली नाही.

मी फाटकाकडे पाठ फिरवली आणि आत आले. पॅसेजमध्ये ऊन होतं. जेवणघरात ताटं मांडल्याचा आवाज येत होता. तो आता पार इकडे वळून बसला होता, बाकाच्या कडेला, उठायच्या बेतात असलेल्या माणसासारखा. मी अंग चोरलं नाही. सरळ गेले आणि बाकावर त्याच्या शेजारी बसले. पाय खाली सोडले. त्याच्या बाजूला बघायचं धाडस झालं नाही, पण लाकूड त्याच्या वजनाने दबलेलं मला मांडीखाली जाणवत होतं. तो श्वास घेत होता. इतक्या दिवसांत ते मला कळलं नव्हतं.

रस्त्यावर गाडीचं दार लागलं. बटणने गाडीच्या खिडकीतून हाक मारली असावी. "आई" एवढंच ऐकू आलं. बाक करकरला. तो आवाजाच्या दिशेला उठत होता.

मी त्याच्या बाहीवर हात ठेवला. कापड गार होतं, आत हात होता आणि तो माझ्या अंदाजापेक्षा खूप लांबवर जात होता.

"तिकडे नाही," मी म्हणाले. माप घेताना चुळबुळणाऱ्या पोरांना सांगते त्याच आवाजात. "इकडे बघ. माझ्याकडे."

त्याने बघितलं.